रविवार पेठेतलं तेलांचं दुकान: जंतू कशानं मरतात आणि कशानं नाही

लवंगेचं तेल जंतू मारतं. ओव्याचं मारतं, टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाचं मारतं, गवती चहाचंही मारतं. हे आधीच लिहून टाकते, कारण माझी सगळी नोकरी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात गेली आणि आमच्यासारखी माणसं असल्या तेलांना थोतांड म्हणणार, असं लोक धरूनच चालतात. थोतांड नाही. पण ‘९९.९ टक्के जंतुनाशक’ असं छापून, आत नावापुरतं तेल घालून जे काही विकलं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. म्हणूनच मी ही तेलं जिथून आणते त्या दुकानाबद्दल नीट लिहायचं ठरवलं.

दुकान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आतल्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच नको म्हणून सांगितलं. मागे कुणीतरी दुकानाचा व्हिडिओ टाकला आणि पुढे कितीतरी दिवस लोक महिन्यात केस गुडघ्यापर्यंत वाढवणारं तेल मागायला येत होते. त्यांना नाही म्हणताना रोजची गिऱ्हाइकं ताटकळायची. आळीत शिरून ‘अर्क-अत्तरांचे डबे ठेवतात ते दुकान’ असं रंगाच्या किंवा प्लास्टिकच्या कुठल्याही दुकानात विचारलंत तरी सांगतील. गाडी नेऊ नका, लावायला जागाच नाही. मी कोथरूडहून वनाजला मेट्रोत बसते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलते आणि मंडईला उतरते. तिथून चालत जाता येतं.

दुकान अरुंद आणि खोल आहे. मागच्या भिंतीला ॲल्युमिनियमचे डबे, पुढे तपकिरी काचेच्या बाटल्या, आणि मधे इलेक्ट्रॉनिक काटा. तेल मापानं देत नाहीत, वजनावर देतात. त्यामुळे दहा ग्रॅम निलगिरी घेतलीत तर बाटलीत अकरा मिलीच्या आसपास येते आणि दहा ग्रॅम लवंगतेल साडेनऊ मिलीच भरतं. ‘कमी दिलं’ म्हणून तिथे वाद घालणारे मी पाहिले आहेत. कमी दिलेलं नसतं. लवंगतेल पाण्यापेक्षा जड असतं, एवढंच.

याच जडपणावर त्यांनी माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाचं शंकानिरसन केलं. त्या बाईंनी दुसरीकडून स्वस्तात लवंगतेल घेतलं होतं आणि ‘तुमचं एवढं महाग का’ म्हणून त्या विचारत होत्या. मालकांनी पोऱ्याला स्टीलच्या ऐवजी काचेचा पेला आणायला सांगितला. पेला पाण्यानं भरला. आधी स्वतःच्या डब्यातलं तेल ड्रॉपरनं पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडलं. पिवळसर थेंब गोल झाले आणि सरळ तळाशी जाऊन बसले. मग दुसऱ्या पेल्यात बाईंच्या बाटलीतलं तेल तसंच सोडलं. ते वर आलं आणि पाण्यावर त्याची पातळ तकाकणारी साय पसरली. ‘ताई, यात लवंग आहे, वास येतोय. पण बरंचसं दुसरं तेल आहे,’ एवढंच ते म्हणाले. त्या दुसऱ्या दुकानदाराचं नाव विचारलं नाही, त्याला नावं ठेवली नाहीत.

यात मला एक भर घालावीशी वाटते. बुडणारं तेल म्हणजे लवंगेच्या कळीचंच तेल, असं या चाचणीतून सिद्ध होत नाही. लवंगेच्या पानांचं तेलही बुडतं आणि नुसतं युजेनॉल, म्हणजे लवंगतेलातला मुख्य घटक, तोही बुडतो. कुणी खाण्याचं किंवा पातळ खनिज तेल भरपूर मिसळलं असेल तर तेवढं मात्र उघडं पडतं. मालकांनाही हे माहीत होतं. त्यांच्याकडे कळीचं आणि पानाचं तेल वेगळं ठेवलेलं आहे, दोन्हींवर मार्करनं तसं लिहिलेलं आहे आणि पानाचं अर्थातच स्वस्त आहे. मला इथे यावंसं वाटतं ते यामुळे. वनस्पती कुठली, तिचा कुठला भाग, माल कधी आला, हे विचारलं तर उत्तर मिळतं, आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ हेही मिळतं. तुळशीच्या तेलाबद्दल मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, कुठल्या तुळशीचं ते मला पक्कं सांगता येणार नाही, तुम्ही नका घेऊ.’

हे विचारणं का महत्त्वाचं, ते सांगते. जंतू मारण्याचं काम वास करत नाही, तेलातले ठरावीक रेणू करतात. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल, टी ट्रीत टर्पिनेन-४-ऑल, निलगिरीत सिनिऑल. हे रेणू पाण्यापेक्षा चरबीत सहज मिसळतात आणि जिवाणूच्या पेशीभोवतीचं पटल चरबीचंच असतं. रेणू त्या पटलात घुसतात, पटल सैल पडतं, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपायला लागतं आणि पेशीचा ऊर्जेचा कारभार कोलमडतो. युजेनॉल आणि थायमॉल हे तर फिनॉलचेच भाऊबंद. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जननं १८६०च्या दशकात जखमांवर कार्बोलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल, वापरून शस्त्रक्रियेचं चित्र पालटलं. त्याच घराण्यातले रेणू आपल्या मसाल्याच्या डब्यात बसलेले आहेत, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

सगळे जंतू मात्र सारखे नसतात. स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना या तेलांचा चांगला दणका बसतो. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या पेशीला बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यामुळे ते जास्त तग धरतात. त्यातही स्युडोमोनास फार चिवट. त्याच्या पेशीत घुसलेली नको ती रसायनं परत बाहेर फेकणारे पंपच असतात. जिवाणूंच्या बीजाणूंना, म्हणजे कठीण कवचातल्या त्यांच्या सुप्त रूपांना, तर ही तेलं नेहमीच्या वापरात काही करत नाहीत. बुरशीवर मात्र चांगली चालतात.

आमच्या प्रयोगशाळेत हे दरवर्षी दिसायचं. पाषाणच्या एनसीएलमध्ये सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीआयएम, तिथून शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच जातीचे वाढवलेले सूक्ष्मजीव, आणायची. अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, त्यांचा एकसारखा थर पसरायचा, मधे कागदाची चकती ठेवून तिच्यावर तेलाचा थेंब सोडायचा आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर लवंगतेलाच्या चकतीभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ दिसायचं. स्युडोमोनासच्या प्लेटवर वाढ जवळजवळ चकतीला टेकलेली असायची. मुलांना खरा धक्का बसायचा तो पुढच्या प्रयोगात. प्लेट उलटी ठेवून ओव्याचं तेल झाकणाच्या आत लावायचं, अगरला त्याचा स्पर्शच नाही. तरीही वरच्या वाढीवर परिणाम दिसायचा, नुसत्या वाफेनं. मग मी सांगायचे की वर्तुळ मोठं म्हणून तेल जास्त जोरदार, असा निष्कर्ष काढू नका. तेल पाणीदार अगरमध्ये नीट पसरत नाही आणि उडूनही जातं. खरी मोजणी करायची तर तेलाचं मिश्रण द्रव माध्यमात घालून, पातळ करत करत, कुठल्या प्रमाणापर्यंत वाढ थांबते ते बघावं लागतं.

त्या मोजणीचे आकडे एकदा पाहिले की बाजारातल्या अर्ध्या जाहिराती निकालात निघतात. टी ट्रीच्या तेलानं स्टॅफिलोकोकस ऑरियसची वाढ थांबवायला साधारण ०.५ ते १.२५ टक्के तेल लागतं. स्युडोमोनासला १ पासून ८ टक्क्यांपर्यंत. आता फरशी पुसण्याच्या बादलीत ‘दहा थेंब टाका’ या सल्ल्याचा हिशेब करा. वीस थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे दहा थेंब अर्धा मिली. दहा लिटर पाण्यात अर्धा मिली म्हणजे ०.००५ टक्के. लागतं त्याच्या शंभरावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी. त्यात तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि उरलेलं वाऱ्यावर जातं. एक टक्का करायचं म्हटलं तर बादलीला शंभर मिली तेल लागेल. या दुकानात टी ट्री दहा ग्रॅमला १५० रुपये आहे, म्हणजे एका बादलीमागे तेराशे-चौदाशे रुपये. हा हिशेब मी मालकांसमोरच त्यांच्या बिलाच्या मागच्या बाजूला मांडला. ते म्हणाले, ‘म्हणून तर मी फरशीसाठी तेल विकत नाही, फिनाईल घ्या म्हणतो.’ विकणारा माणूस हे म्हणतो, याची किंमत मला कळते.

आमच्या घरात सूनबाईंनी एका कंपनीचा ‘नैसर्गिक तेलयुक्त’ फ्लोअर क्लीनर मागवला होता. घरात रांगतं बाळ, त्यामुळे तिची काळजी अगदी खरी. बाटलीवर लव्हेंडर, लिंबू आणि टी ट्रीची सुंदर चित्रं होती. मागे घटकांची यादी होती, पण कुठल्या तेलाचं प्रमाण किती, याचा आकडा कुठेच नव्हता. फरशीवर किती वेळ ओलं ठेवायचं तेही लिहिलेलं नव्हतं. जंतुनाशकाच्या बाटलीवर हे दोन आकडे नसतील तर ग्राहकाला काहीच सांगितलेलं नाही. मी कंपनीला ईमेल केला, उत्तर म्हणून सवलतीचा कूपन कोड आला. आई होऊन धास्तावलेल्या मुलींना असं फसवणं मला सहन होत नाही. बाळाच्या फरशीला साबणपाणी पुरतं. घरात कुणाला जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर आधी साबणानं पुसून मग ब्लीचचं पातळ पाणी, ०.१ टक्के क्लोरीन येईल एवढं, आणि ते काही मिनिटं ओलं राहू द्यायचं. वास सुंदर नसतो. काम होतं.

आता मी काय घेते ते सांगते.

टी ट्री हे झाड ऑस्ट्रेलियाचं, मेलाल्युका अल्टरनिफोलिया. दुकानातल्या छापील पत्रकावर ‘फिनॉलपेक्षा ११ पट प्रभावी’ असं आहे आणि हा आकडा खोटा नाही. १९२०च्या दशकात सिडनीत आर्थर पेनफोल्ड या रसायनशास्त्रज्ञानं हे तेल रीडियल-वॉकर पद्धतीनं, म्हणजे फिनॉलशी जोर ताडून, तपासलं, तिथून तो आला. हीच पद्धत, आणि तिचा ‘आरडब्ल्यू’ आकडा, काळ्या फिनाईलच्या डब्यावर आजही वाचायला मिळतो. पण ती परीक्षा नळीतली, स्वच्छ कल्चरवरची असते. घाण, रक्त, पू असला की तेलाचा जोर उतरतो. पत्रकात हे वाक्य घालायला मी सुचवलं आहे. चांगल्या टी ट्रीत टर्पिनेन-४-ऑल किमान ३५ टक्के हवं, यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४७३०. मालकांकडे मोठ्या डब्याबरोबर आलेला गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलात कुठला घटक किती ते मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल होता. मागितल्यावर काढून दाखवला, त्यात हा आकडा होता. किरकोळ गिऱ्हाइकाला असा कागद दाखवणारं पुण्यातलं दुसरं दुकान मला भेटलेलं नाही.

हे तेल मी वापरते ते कोंड्यासाठी. कोंड्यामागे मॅलॅसेझिया ही यीस्ट असते आणि तिच्यावर टी ट्रीचा चांगला परिणाम होतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२६ जणांपैकी काहींनी ५ टक्के टी ट्रीचा शाम्पू वापरला, काहींनी नुसताच. चार आठवड्यांनी टी ट्रीवाल्यांचा कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या शाम्पूवाल्यांचा ११ टक्क्यांनी. पाच टक्के म्हणजे शंभर मिली शाम्पूत पाच मिली तेल, दोन-चार थेंब नव्हे. शाम्पूत साबणासारखे घटक असल्यामुळे तेल त्यात धरून राहतं, आणि डोक्यावर तीन मिनिटं ठेवून मग धुतलं जातं. प्रमाण आहे, वेळ आहे, मिसळणारं माध्यम आहे. बादलीत यातलं काहीच नसतं. मुरुमांवरही १९९० साली अशी तुलना झाली होती, ५ टक्के टी ट्री विरुद्ध मुरुमांचं नेहमीचं औषध, ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी फरक पडला. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्वचेचा त्रास कमी झाला.

ओव्याचं सत माझं सगळ्यात आवडतं. दिसायला जाडसर साखरेसारखे पारदर्शक खडे. नाकाजवळ नेलं की ओव्याचा वास इतका तीव्र येतो की डोळ्यांत पाणी. हे थायमॉल. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा जहाजं भरभरून जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल काढायचे. लढाई सुरू झाली, ती वाट बंद झाली. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली की त्यांना ओव्याकडे बघायची वेगळी नजर यायची. आज बाजारात मिळणारं बहुतेक थायमॉल कारखान्यात बनतं आणि मालक ते लपवत नाहीत: ‘मॅडम, हे सिंथेटिक आहे. ओव्यातून काढलेलं पाहिजे तर मागवून देतो, चौपट पडेल.’ मी सिंथेटिकच घेतलं. रेणू तोच आहे, आणि जिवाणूच्या पटलाला तो शेतातून आला की कारखान्यातून, यानं काही फरक पडत नाही.

घरी मी अमृतधारा करते, माझी आई करायची तशी. काचेच्या बाटलीत ओव्याचं सत, पुदिन्याचं सत (मेंथॉल) आणि कापूर सारख्या वजनानं घालायचे. तिन्ही कोरडे, घट्ट पदार्थ. बूच लावून बाटली हलवली की आधी खड्यांच्या कडांना घाम सुटतो, मग ते एकमेकांवर कलतात, ढासळतात, आणि बघता बघता बाटलीत पाण्यासारखा पातळ द्रव होतो. पाणी नाही, उष्णता नाही. तिन्ही एकत्र आले की वितळण्याचं तापमान खोलीच्या तापमानाच्या खाली येतं, म्हणून असं होतं. सर्दीत गरम पाण्यात एक थेंब टाकून वाफ घ्यायला, पावसाळ्यात चपलांच्या कपाटात कापसाच्या बोळ्यावर ठेवायला हे उत्तम. लहान मुलांपासून मात्र कुलपात. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. नाकाला, छातीला चोळायलाही बाळांसाठी वापरू नका.

थायमॉलचा रोजच्या वापरातला सर्वांत चोख पुरावा मिळतो तो तोंड धुण्याच्या औषधात. लिस्टरिन हे नाव लिस्टरवरूनच पडलं. त्याच्या मूळ पाककृतीत थायमॉल ०.०६४ टक्के, सिनिऑल ०.०९२, मेंथॉल ०.०४२ आणि मिथाइल सॅलिसिलेट ०.०६० टक्के. इतक्या कमी प्रमाणात ते चालतं, कारण हे सगळं अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, चार रेणू मिळून काम करतात आणि आपण ते दातांच्या फटींत जोरानं खळखळवतो. बादलीत चार थेंब टाकणाऱ्यांनी ‘तिथे इतकं कमी चालतं, मग इथे का नाही’ असं विचारलं, तर उत्तर हेच.

लवंगतेल घरात असावंच. रात्री दात ठणकायला लागला आणि दवाखाना सकाळी उघडणार असेल, तर कापसाच्या टोकाला एक थेंब लावून फक्त त्या दातावर टेकवायचं. हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते. युजेनॉल बधिरही करतं आणि जंतूंवरही काम करतं. दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात, दातांच्या दवाखान्यातला तो ओळखीचा वास त्याचाच. पण कीड आत पोहोचलेली असते, ती तेलानं बरी होत नाही. सकाळी डॉक्टरकडे जायचंच.

निलगिरी मी फक्त वाफेसाठी घेते. जंतुनाशक म्हणून ती या बाकीच्यांच्या पुढे फिकी आहे. गवती चहाचं तेल छान आहे, सिट्रल भरपूर असतं, बुरशीवर चांगलं चालतं. ओल धरलेल्या कपाटाच्या कोपऱ्यात त्याची बाटली उघडी ठेवते, बाकी काम माझ्या मते मंडईतली जुडीच बरं करते, चहात.

लव्हेंडर आणि गुलाब इथून घेऊ नका, असं मालकच सांगतात. चाळीस रुपयांच्या लव्हेंडरवर त्यांनी ‘परफ्युम कंपाउंड’ असं लिहिलेलं आहे. एक किलो गुलाबतेलासाठी तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, मग शंभर रुपयांत दहा मिली कुठून येणार? अत्तर, अगरबत्तीवाल्यांसाठी तो माल ठीक. औषधी गुण त्यात शोधायचे नाहीत. कडुनिंबाच्या तेलाचंही असंच एक सांगायचं राहिलं. ते बियांतून घाण्यावर काढलेलं तेल आहे, वाफेवर ऊर्ध्वपातन करून मिळणाऱ्या या तेलांच्या जातीचं नाही. कागदावर एक-एक थेंब ठेवून उन्हात बघा. निलगिरीचा डाग उडून जातो, कडुनिंबाचा तेलकट डाग तसाच राहतो. दुकानात ते वेगळ्या फळीवर आहे, हेही मला बरं वाटलं.

एक काळजीची गोष्ट. आमच्या सोसायटीत एका काकांच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना. ‘केमिकल नको’ म्हणून ते टी ट्री निर्मळ, न मिसळता लावत राहिले. कातडी आणखी सोलवटली, जखम खोल गेली, आणि शेवटी शल्यचिकित्सकांकडे जावं लागलं. पाय वाचला. नळीत जिवाणू मारणं वेगळं आणि जिवंत मांसात, पुवाखाली, रक्तपुरवठा कमी असलेल्या जागी मारणं वेगळं. तेल आपल्या पेशींच्या पटलालाही तेच करतं, जे ते जिवाणूच्या पटलाला करतं. न मिसळलेलं तेल कातडीवर नको, जखमेवर नको, पोटात तर अजिबात नको. निलगिरी थोडीशी गिळली तरी लहान मूल बेशुद्ध होऊ शकतं. घरात मांजर असेल तर टी ट्री आणि डिफ्यूझर दोन्ही लांब ठेवा. मांजराच्या यकृतात ही रसायनं निकामी करणारी यंत्रणा अपुरी असते, अंगावर पडलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. आणि डिफ्यूझरनं घरातल्या हवेतले विषाणू मरतात, हे कोविडच्या काळात फार विकलं गेलं. खिडकी उघडा, ती जास्त उपयोगी.

आता दुकानाच्या उणिवा. लेबल मार्करनं लिहितात आणि तेलाचा हात लागला की अक्षरं पुसतात. मी घरी आल्याबरोबर पेन्सिलनं दुसरं लेबल लिहून सेलोटेप चिकटवते. ड्रॉपरची बाटली मागितली तर रबरी फुग्याची देतात. लवंगतेलाच्या वाफेनं ते रबर काही आठवड्यांत चिकट आणि मऊ होतं. साधं बूच मागून घ्या. डब्यावर माल आल्याचा महिना असतो, पण तो आपल्या बाटलीवर ते स्वतःहून लिहीत नाहीत, विचारावं लागतं. आणि विचारायलाच हवं, कारण जुनी, हवा लागलेली तेलं ऑक्सिडाइज होतात. लिंबू आणि टी ट्रीच्या बाबतीत हे जास्त, आणि मग त्याच तेलाची कातडीला ॲलर्जी येते. पातळ करायचं कसं, याचा छापील कागद त्यांच्याकडे नाही. मी मराठीत एक पानाचा मजकूर लिहून देऊ केला आहे, प्रमाण, वेळ आणि ‘जखमेवर नको’ ही ओळ मोठ्या अक्षरांत. त्यांनी घेतला, छापतो म्हणाले.

भाव माफक आहेत. मी गेले तेव्हा लवंगेच्या कळीचं तेल दहा ग्रॅम १२० रुपये, पानाचं ७०, ओव्याचं सत दहा ग्रॅम ४०, निलगिरी ४०, गवती चहा ५०. यूपीआय चालतं. दहा ग्रॅमपेक्षा कमी देत नाहीत, आणि घरच्या वापराला दहा ग्रॅमपेक्षा जास्त घेऊही नका, उघडलेली बाटली वर्षभरात संपली पाहिजे. दुपारी मालक जेवायला जातात तेव्हा पोऱ्या असतो. तो वजन बरोबर करतो, पण झाडाचं नाव, भाग, महिना हे त्याला विचारून उपयोग नाही. सकाळी अकराच्या सुमाराला जा. बाटली घरून नेणार असाल तर काचेची, तपकिरी, आतून पूर्ण कोरडी न्या. प्लास्टिकची नेलीत तर ते भरून देणार नाहीत.